डालग्यापाशी अडलेला डाव

पोपट पृथ्वीच्या बुडाशी जाऊन आला, याबद्दल निमोण्यात दुमत नव्हतं. तिथं जाऊन त्यानं काय केलं, हे मात्र कुणाच्याच पचनी पडत नव्हतं. गावानं दीड वर्ष वाट पाहिली होती. एवढ्या लांब गेलेला माणूस परत आल्यावर निदान एखादं अस्वल तरी सांगेल, अशी लोकांची माफक अपेक्षा होती. आणि हा गडी पारावर बसून सांगायचा काय, तर दर रविवारी आम्ही डब्यांची झाकणं फेकायचो. अस्वलांचं विचारलं तर म्हणायचा, अस्वलं वरच्या टोकाला असतात, मी खालच्या टोकाला होतो. हे उत्तर गावाला पळवाटेचं वाटलं.

पोपट मूळचा मेंढपाळाच्या घरचा. बापानं मेंढरं विकून घोड नदीच्या अंगाला जमीन घेतली, पोराला मॅट्रिक केलं आणि पोरगा पुण्याला हवामान खात्यात चिकटला. वारा कुठून येतो आणि किती जोरात येतो, हे मोजायचं त्याचं काम. सुट्टीवर गावी आला तरी सकाळी उठून आधी अंगणातल्या लिंबाकडं बघायचा आणि मग तोंड धुवायचा. वाऱ्याच्या बाबतीत त्यानं कधी तिखटमीठ लावलं नाही. वारा पडला असेल तर पडला म्हणायचा, मग समोर उफणणी खोळंबलेली असो की आणखी काही.

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर रशियन लोकांच्या बर्फातल्या तळावर या खात्याचा एक माणूस पाठवायचा ठरला. कुणाच्या बायकोनं नको म्हटलं, कुणाच्या डॉक्टरनं नको म्हटलं आणि पोपटचं नाव पुढं आलं. पोपटच्या बायकोला, अंजनाला, कुणी विचारलंच नाही. तिला तेव्हा तिसरा महिना होता. पुढं दुष्काळानं कंबरडं मोडलं. इकडं अंजना सासूबरोबर हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालत होती आणि तिकडं नवरा पायाखालचं पाणी कुदळीनं फोडून चुलीवर वितळवत होता. देवाची वाटणीच अशी, असं अंजनाची सासू तानुबाई म्हणायची.

तो परत आला तेव्हा मुलगी जवळजवळ वर्षाची झाली होती. म्हाळसा तिचं नाव. तिला नुकतं बोलायला फुटलं होतं आणि पँट घातलेला जो दिसेल तो तिचा मामा होता. म्हणून बापालाही ती मामा म्हणाली. सगळे हसले, पोपटही हसला. अंजना मात्र चुलीत फुंकणी घालून बसली आणि डोळ्यांत धूर गेला म्हणाली.

झाकणांचा खेळ तसा सोपा होता. तळाभोवती बर्फात वासे रोवून त्यांना रिकामी पिंपं टांगायची. झाकणं पत्र्याची, मुरवलेल्या कोबीच्या मोठ्या डब्यांची, पांढऱ्यात हरवू नयेत म्हणून तांबडी रंगवलेली. झाकण भिरकावायचं, ते पडेल तिथं चालत जायचं, तिथून पुन्हा भिरकावायचं, असं करत पिंपात घालायचं आणि पुढच्या पिंपाकडं निघायचं. सगळी पिंपं मिळून ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. तिथला वारा असा द्वाड की कधीकधी फेकलेलं झाकण माघारी येऊन फेकणाऱ्याच्याच पाठीत बसायचं. एक दाढीवाला आचारी होता, तो सगळ्यांचा गुरू. पोपट आधी सगळ्यांत शेवटी असायचा, पण निघेपर्यंत आचाऱ्याच्या तोडीला आला होता.

तळावर कुणाचं वाजलं, बर्फ कुणी आणायचा, भांडी कुणी घासायची यावर अडलं, की निकाल झाकणांवर. आणि त्या खेळाचा एकच कडक कायदा होता. सुरू झालेला डाव अर्धा टाकून कुणी उठायचं नाही. एकदा ऐन डावात वादळ आलं. सगळे आत पळाले, पण पळण्याआधी प्रत्येकानं आपल्या झाकणाशेजारी काठी रोवली. आठवडाभर दार उघडता आलं नाही. वादळ सरल्यावर काठ्या शोधल्या, झाकणं खणून काढली आणि जिथं राहिला होता तिथून डाव पुढं खेळले. ही गोष्ट सांगताना पोपटच्या तोंडावर जी कळा यायची, ती अंजनानं स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. तिला त्या झाकणांचा राग यायचा, आणि त्याच वेळी तो असा उजळलेला बघत राहावंसंही वाटायचं.

त्यानं येताना दोन झाकणं आणली होती. तळावरच्या सगळ्यांनी खिळ्यानं त्यांच्यावर आपापली नावं कोरलेली. गावात पिंपं कुठली, म्हणून त्यानं चावडीपुढच्या बाभळीला फुटकी बादली टांगली, आडाजवळ तेलाचा डबा, पाराशेजारी घमेलं, म्हाताऱ्या सोपानरावांच्या गोठ्यापाशी शेण भरायची एक जुनी पाटी आणि शेवटी आपल्याच अंगणातल्या लिंबाला कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं, आडवं, तोंड पुढं करून. कोंबड्यांना उघड्यावर पाहून तानुबाईनं दोन दिवस तोंडाचा पट्टा चालवला, मग दमली.

पोपटबरोबर खेळायला कुणी फारसं येईना. आली ती अंजना, तीही कामं उरकल्यावर, गंमत म्हणून. पण तिच्या हाताला वळण होतं. वाळलेल्या गोवऱ्यांचा उंच हुडवा रचताना तानुबाई वर उभी राहायची आणि अंजना खालून एकेक गोवरी भिरकावायची, चपटी, फिरत, बरोबर सासूच्या पंजात. चार वर्षांत एक गोवरी फुटली नव्हती. झाकण गोवरीपेक्षा जड आणि वाऱ्याला हलकं, त्यामुळं लांबची फेक तिला साधायची नाही. जवळची मात्र हमखास साधायची.

चौऱ्याहत्तरची दिवाळी झाली आणि पुण्याहून खात्याचे आनंदराव आले. जहाज पुन्हा निघणार होतं. गेलेला, टिकलेला आणि तिथल्या लोकांना हवाहवासा वाटणारा माणूस एकच होता. पुढच्या गुरुवारी जीप घेऊन येतो, असं सांगून ते चहा पिऊन गेले. पोपट त्यांना हो म्हणाला नव्हता, पण त्यानं माळ्यावरची ट्रंक काढून पुसून ठेवली. अंजनानं ती पाहिली.

तिनं विनवून पाहिलं, रुसून पाहिलं. तो म्हणायचा, एवढं एकच वर्ष. शेवटी तानुबाई मधे पडली. भाकरी थापता थापता, मुलाकडं न बघता ती बोलली.

"आम्ही मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो, तवा बिऱ्हाड घोड्यावर घालून समदी संगं जायचो. तू घाटातच झालास. बाप चार पावलांवर हुता. एकल्यानं जायची चाल आपल्यात कुठली?"

तिथं बायकापोरांना नेत नाहीत, एवढं पोपट पुटपुटला. त्यानं ताटात बोट फिरवलं आणि मग म्हणाला, तळावर असं अडलं की आम्ही झाकणं काढायचो. अंजना जिंकली तर मी राहतो. मी जिंकलो तर हसतमुखानं निरोप द्यायचा. त्याला वाटलं, भांडण गोडीत मिटलं. अंजनाला कळत होतं की हा उघडउघड त्याच्या पदरात पडणारा डाव आहे. पण रडून काही झालं नव्हतं, आणि फेकून निदान काहीतरी होण्यासारखं होतं. ती बरं म्हणाली.

पंच म्हणून सोपानराव स्वतःहून पुढं झाले. तरुणपणी विटी-दांडूत त्यांचा पंचक्रोशीत दरारा होता, आणि अजूनही त्यांच्यासारखा खणखणीत आकडा मोजणारा माणूस गावात नव्हता. नियम माहीत आहेत का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काठी उगारली असती.

शुक्रवारी दिवस कलायला डाव सुरू झाला. अर्धं गाव मागं. पोपटनं चावडीपुढून पहिलं झाकण सोडलं ते लोकांच्या डोक्यांवरून तरंगत गेलं आणि बाभळीच्या बुंध्याशी पडलं. दुसऱ्या फेकीला बादलीत. अंजनाचं पहिलं झाकण चावडीच्या कौलांवर गेलं. आडाकडं जाताना तिचं झाकण कमरेइतक्या ज्वारीत शिरलं आणि ते शोधायला गेलेल्या माणसांनी जेवढी ज्वारी तुडवली तेवढाच शेताच्या मालकानं सगळ्यांचा उद्धार केला. घमेल्यापाशी वाऱ्यानं तिला दोनदा फसवलं. पोपटच्या फेकी मोजक्या, तिच्या वाढतच चाललेल्या. सोपानराव प्रत्येक फेकीला आरोळी ठोकत होते आणि प्रत्येक आरोळीला अंजनाचा जीव खाली जात होता. गोठ्याजवळच्या पाटीत तिचं झाकण पडलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मनात ट्रंकेत कुठली चादर घालायची ते ठरवलं.

सोपानरावांनी काठी आपटली.

"चार ठिकाणं झाली. पोपट धा, अंजना सोळा. अंजना सहानं म्होरं."

बायकांनी टाळ्या पिटल्या. पोपटला हसू आवरेना. त्यानं समजावलं की कमी फेकी तो पुढं, आबा, हा खेळ असाच आहे. सोपानरावांनी त्याच्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. हयातभर त्यांनी दांडूचे टोले मोजले होते. ज्याचा आकडा मोठा त्याची जीत, याला दुसरी बाजू असू शकते हेच त्यांना नवीन होतं.

"कमी करून जिकायचं म्हंजी काय?" ते म्हणाले. "मंग मानूस घरीच बसंल की. खेळंल कशाला?"

हे लोकांना एकदम पटलं. पोपटनं तळाचं सांगितलं, आचाऱ्याचं सांगितलं. सोपानराव म्हणाले, तो तुमच्या बर्फातला कायदा, इथं बर्फ कुठं आहे ते दाखव. मग पोपट अंजनाकडं वळला. तिला त्यानं नियम पंचवीस वेळा सांगितलेला होता, तिनं एकदा हो म्हटलं असतं की निकाल लागला असता. सगळे तिच्याकडं बघू लागले. अंजनानं डोईवरचा पदर सारखा केला.

"पंच म्हंत्यात ते खरं," ती म्हणाली.

ही चक्क लबाडी होती आणि ती तिला कळत होती. कानशिलं तापली. पण त्या तापण्यात शरम किती आणि आनंद किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोपटनं तिच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं, मग त्यालाही चेव आला. बरं तर, तो म्हणाला, जास्त तर जास्त. एक ठिकाण अजून बाकी आहे.

सगळी वरात अंगणात आली. पोपटनं लिंबाच्या डालग्याकडं बघत झाकण उचललं आणि डालगं सोडून थेट घराच्या छपरावर घातलं. सोपानरावांनी मोजलं. अंजनानं कडब्याच्या गंजीत घातलं. तेही मोजलं. पोपटनं दावणीत, अंजनानं न्हाणीत. दिवे लागले तेव्हा कुठं लोकांना जाणवलं की हे काही लवकर संपायचं लक्षण नाही. ज्याचं झाकण आधी डालग्यात पडेल त्याचा आकडा तिथंच थांबणार, आणि दुसरा हवा तेवढा पुढं जाणार. म्हणजे डालग्यात घालील तो हरला. सोपानरावांनी अंगणाबाहेर झाकण घालायचं नाही एवढा एक कायदा करून घेतला, दोघांच्या झाकणांशेजारी काठ्या रोवल्या आणि डाव उद्यावर टाकला.

मग रोजच चाललं. सकाळच्या धारा झाल्या की दोन-चार फेकी, भाकऱ्या झाल्या की दोन-चार, आणि उन्हं उतरली की सोपानराव चहा घेऊन काठी टेकत यायचे आणि पुढचा आकडा चालू. शिरूरच्या गाडीनं उतरणारी माणसं आधी आकडा विचारायची आणि मग घरी जायची. अंजनाचं चुकणं बिनबोभाट होतं. कुठं चुकायचं ते ती बघून ठेवायची. पोपटचे मात्र हाल होते. दीड वर्ष जो हात पिंपात घालायला शिकला होता तो चुकायला तयार नव्हता. दोनदा झाकण डालग्याच्या काठावर आपटून थरथरलं आणि पोपटचा चेहरा पांढराफटक पडला. झाकणं आणून द्यायचं काम म्हाळसानं अंगावर घेतलं होतं. ती दुडदुडत जायची आणि झाकण छातीशी धरून, मामा, मामा करत थेट पोपटकडं यायची, मग ते आईचं असलं तरी.

तिसऱ्या दिवशी पोपटला उमगलं की अंजनाला जिंकायची गरजच नाही. डाव नुसता लोंबकळत राहिला की पुरे. गुरुवार तर चालत येणारच होता. त्यानं तिला डिवचून पाहिलं. जवळनंसुद्धा तुला डालग्यात घालता येत नाही, म्हणाला.

"न्हाईच येत," अंजना म्हणाली आणि झाकण गंजीत घातलं.

डाव टाकून जाता येत नव्हतं. तो कायदा त्यानंच गावाला इतक्या वेळा ऐकवला होता की शाळेतली पोरंही तो म्हणून दाखवत. वादळात न मोडलेला डाव अंगणात कसा मोडायचा? अंजनाला हे ठाऊक होतं. त्याच्या ज्या गोष्टीचा तिला राग यायचा, त्याच गोष्टीचं दावं करून तिनं त्याला खुंट्याला बांधलं होतं.

गुरुवारी दुपारी जीप आली. आनंदराव ओट्यावर टेकले, चहा घेतला आणि लिंबाभोवती जमलेली गर्दी बघून काय चाललंय ते विचारलं. सोपानरावांनी त्यांना सगळं साद्यंत ऐकवलं. आनंदराव हसले, घड्याळ बघितलं, पुन्हा हसले. मग पोपटला बाजूला घेऊन म्हणाले की अहो, झाकण घाला त्या टोपलीत नाहीतर खाली ठेवा, आणि बसा गाडीत. जहाज काही तुमच्या डावासाठी थांबायचं नाही. पोपटनं मान हलवली. डाव चालू असताना उठायचं नाही साहेब, तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. म्हाळसाला कडेवर घेऊन तो लिंबाखाली उभा राहिला, आणि एकदा जीपकडं, एकदा हातातल्या झाकणावरच्या नावांकडं बघत राहिला.

अंजनानं ते पाहिलं. तिला तो राहायला हवा होता. पण असा नको होता, दारात उभा आणि मनानं निघालेला. दाव्यानं बांधलेलं जनावर गोठ्यात राहतं, म्हणून ते घरचं होत नाही, हे मेंढरांच्या घरात नांदलेल्या बाईला वेगळं सांगायला नको होतं. पाळी तिची होती. काठीपासून डालगं तिच्या हाताच्या टप्प्यात होतं, हुडव्यावरच्या सासूइतकंच. तिनं तानुबाईकडं पाहिलं. तानुबाईला काय ते कळलं असावं, कारण तिनं तोंड फिरवलं.

अंजनानं पदर खोचला, मनगट वळवलं आणि गोवरी सोडावी तसं झाकण सोडलं. चपटं, फिरत, जरासुद्धा न डगमगता ते डालग्याच्या तोंडाकडं निघालं. ते आत जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. इतक्यात लिंबाखाली उभ्या असलेल्या पोपटचा मोकळा हात वर गेला. झाकण त्याच्या तळहातावर खणकन आपटलं आणि बाजूच्या दावणीत, कडब्यात जाऊन पडलं.

पोपटनं हात झटकला. तळव्यावर तांबडी रेघ उठली होती.

"वाऱ्यानं नेलं," तो म्हणाला.

लिंबाचं पान हलत नव्हतं. चुलीचा धूर सरळ वर चालला होता. ज्या माणसानं आजवर वाऱ्याच्या बाबतीत एक शब्द खोटा उच्चारला नव्हता तो सगळ्या गावासमोर, खात्याच्या साहेबासमोर, हे बोलला होता. अंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या खेपेला आसपास धूर नव्हता. सोपानराव आ वासून पोपटकडं बघत होते. मग ते आनंदरावांकडं वळले, कारण वाऱ्याचं म्हटलं तर तेच वरचे अधिकारी.

आनंदरावांनी लिंबाकडं पाहिलं, धुराकडं पाहिलं, पोपटकडं आणि त्याच्या कडेवरच्या पोरीकडं पाहिलं. पेल्यातला राहिलेला चहा संपवला.

"वायव्येकडून आला," ते म्हणाले. "मी पाहिला."

एवढं बोलून ते उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले. ट्रंक दाराशीच राहिली. जीप गावाबाहेर पडेपर्यंत सोपानरावांच्या मनात काहीतरी चाललं होतं, मग त्यांनी घसा खाकरला आणि अंजनाची ही फेक धरून नवा आकडा साऱ्या आळीला ऐकू जाईल असा पुकारला. म्हाळसा बापाच्या कडेवरून खाली उतरली, दावणीत शिरली आणि कडब्यातून झाकण ओढून घेऊन आली.

"मामा, घे," ती म्हणाली.

पोपटनं ते घेतलं. मामा तर मामा. आता त्याला घाई नव्हती.